रविवारची गोळी

"इकडं ये. कान लाव," हे म्हणाले.

मी नुकतीच डोंगरावरून दर्शन करून आले होते. हातात तांदळाची डबी तशीच होती. ह्यांनी काचेचा पेला माझ्या कानाशी धरला. आत एक पांढरी गोळी तळाशी चुरचुरत होती आणि बारीक बुडबुडे वर येत होते.

"ऐकू येतंय?"

"येतंय. गाळलेलं पाणी घेतलंत ना?"

ह्यांनी डोळे मिटले. "या घरात न गाळलेलं पाणी मिळतं कुठं? मी तुला विज्ञान ऐकवतोय, तू गाळणं विचारतेस."

"गोळी टाकायच्या आधी गाळलं की नंतर?"

"आधी."

"मग ठीक आहे," मी म्हटलं आणि डबी देव्हाऱ्यात ठेवायला आत गेले.

मागून ह्यांचा आवाज आला. "आणि यात साखर नाही. नळीवर लिहिलंय तसं. वाचून दाखवू?"

वाचून दाखवायची गरज नव्हती. ती गोळ्यांची नळी पुण्याहून सूनबाईंनी, वृषालीनं पाठवली, तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येकाला ह्यांनी ती वाचून दाखवली होती. ह्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. निवृत्त झाले आणि वर्षभरात रक्तात साखर निघाली. तेव्हापासून ज्यात साखर नाही त्या वस्तूकडे हे जरा जास्तच आदरानं बघत.

गोळ्या कशाला आल्या ते सांगायला हवं.

त्याआधीच्या दिवाळीत बाजारात भाजी घेता घेता ह्यांना चक्कर आली. वांग्यांच्या पाटीवरच बसले. फार काही नव्हतं, औषध बदलल्यावर बरे झाले. पण आमचा मुलगा अभिनंदन पुण्याहून आला तो कायमचा विचार करूनच. संक्रांतीला परत आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "अण्णा, तुम्ही दोघंच इथं राहायचं आता पुरे. घराला गिऱ्हाईक आहे. पुण्यात आमच्या शेजारचा फ्लॅट मिळतोय."

हे म्हणाले, "मला काय झालंय?"

"काही होऊ नये म्हणूनच म्हणतोय. जिना चढलात तरी दम लागतो तुम्हाला."

"जिना सोड. डोंगर चढून दाखवतो."

हातकणंगले तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर भगवंतांचं देऊळ. महावीर जयंतीच्या सुमाराला तरुण मंडळ डोंगर चढण्याची शर्यत घेतं, त्यात साठीपुढच्या पुरुषांचाही एक गट असतो. हे गेल्या दहा वर्षांत पायथ्याच्या कमानीपलीकडं गेले नव्हते.

"यंदा ज्येष्ठांच्या गटात नाव देतो," हे म्हणाले. "स्वतःच्या पायानं वर पोचलो तर आम्ही इथंच राहणार. डोली लागली तर त्याच डोलीतनं मला पुण्याला ने."

अभिनंदन हसला. "ठरलं. पण मध्येच शब्द फिरवायचा नाही."

"मगदुमाचा शब्द आहे."

मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही आणि चहाचे कप विसळायचे होते.

खरं म्हणजे डोंगर माझा होता. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यापासून रोज सकाळी सूर्य उगवला की मी अनवाणी वर जायची, दर्शन करून उतरायची. आजारपण सोडलं तर कधी खंड नाही. आणि दुसरा माझा नेम होता रसत्यागाचा. आमच्या जैनांत बरीच बायामाणसं करतात. आठवड्याच्या एकेका वारी एकेक गोष्ट सोडायची. रविवारी मीठ, सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल.

हे याला टाइमटेबल म्हणायचे.

"आज कुठला तास आहे?" सकाळी उठल्या उठल्या विचारायचे.

"तेलाचा."

"म्हणजे भाकरी कोरडी. आणि उद्या मिठाचा. सुट्टी कधी असते तुझ्या शाळेला?"

रविवारी मी सगळा स्वयंपाकच अळणी करायची. ह्यांच्या ताटात डाव्या बाजूला चमचाभर मीठ वाढायची. हे ते आमटीत कालवायचे, एक भुरका मारायचे आणि माझ्याकडं बघत म्हणायचे, "आता जीव आला." दर रविवारी. मी आपली मान खाली घालून जेवायची. मलाही ते ऐकल्याशिवाय रविवार झाल्यासारखा वाटत नसे.

त्या संक्रांतीनंतर मात्र ताटातलं मीठ तसंच राहायला लागलं.

"मीठ टाकून उठताय," मी एकदा म्हटलं.

"रक्तदाबाला बरं असतं म्हणतात."

"तुमचा रक्तदाब चांगला आहे की."

"चांगला आहे तो चांगला राहावा म्हणून," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी ते मीठ पुसून टाकलं. मनात आणखी काही आलं नाही.

फाल्गुनात सराव सुरू झाला. ह्यांनी नवे बूट आणले, निळ्या नाड्यांचे. वृषालीनं कमरेला बांधायचा एक पट्टा पाठवला होता, त्यात दोन्ही बाजूंना एकेक बाटली बसायची. तो बांधून हे पहिल्या दिवशी पायथ्याला आले तेव्हा कट्ट्यावर भूपालभाऊजी बसले होते. ह्यांच्या वर्गातले, आता ज्येष्ठांच्या गटातलेही.

"धन्यकुमार, दारूगोळा भरलास काय?" ते म्हणाले. "कुठल्या लढाईला निघालास?"

"तुला हरवायला."

"मला हरवायला बाटल्या कशाला? मी चहा पिऊन चढतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही बूट नाही घातले?"

"मला शर्यत नाही, भाऊजी. मला नुसतं वर जायचंय."

"ऐक," भूपालभाऊजी ह्यांना म्हणाले. "बूट त्यांना द्यायचे होतेस. तू पट्टा बांधून इथं बसला असतास माझ्याजवळ."

त्या दिवशी हे चौथ्या वळणापर्यंत गेले आणि दगडावर बसून बाटलीतलं पाणी प्याले. एक घोट घेतला, दुसरा घेतला, बाटली वर धरून बघितली.

"खारट लागतंय गं."

घरी आल्यावर ह्यांनी वृषालीला फोन लावला. ती पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः लांब पल्ल्याचं पळते. फोन मोठ्या आवाजावर टाकून हे म्हणाले, "सूनबाई, गोळी खारट आहे. खराब झाली काय?"

"नाही अण्णा, तशीच असते," वृषाली म्हणाली. "चढताना घाम येतो ना, त्यातनं मीठ जातं. ते परत भरायला ही गोळी. खूप घाम गेला आणि वर नुसतंच पाणी पीत राहिलात की पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. बाजारातल्या सरबतात मीठ असतं, पण साखरही असते. म्हणून तुमच्यासाठी ही बिनसाखरेची. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच पाठवलीय. आणि रोज घरात बसून प्यायची नाही हां. डोंगर चढाल तेव्हाच."

"म्हणजे मिठाचीच गोळी म्हण की."

"तसंच समजा."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मग ही मला रविवारी चालायची नाही."

मी चेष्टेनं बोलले होते. एरवी ह्यांनी लगेच टोला परतवला असता, माझ्या शाळेत आणखी एक विषय वाढला वगैरे. त्या दिवशी ह्यांनी नुसता फोन ठेवला. हे नळी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "रविवारी सराव बंद. पायांनाही सुट्टी पाहिजे."

"पायांची शाळा माझ्या शाळेपेक्षा बरी म्हणायची," मी म्हटलं.

सराव चांगला चालला. गुढीपाडव्याला हे मधल्या छत्रीपर्यंत गेले. ती छत्री म्हणजे अर्ध्या वाटेवरचा दगडी चौथरा, वर चार खांबांवर घुमटी. तिथं बसून हे गोळीचं पाणी प्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विज्ञान सांगायचे. एका म्हातारीनं ते तीर्थ समजून हात पुढे केला. ह्यांनी तिच्या ओंजळीत थोडं ओतलंही. ती प्याली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "कुठल्या विहिरीचं हे?"

पुढच्या आठवड्यात हे शेवटच्या वळणापर्यंत पोचले. तिथून देवळाचा कळस दिसतो. हे बराच वेळ बघत उभे राहिले. उतरताना मला म्हणाले, "तू रोज हे बघतेस होय."

"रोज."

"आणि कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

मग एका संध्याकाळी मंडळाचा सुदर्शन दारात आला. "अण्णा, जयंती आडवारी येतीय. नोकरीवाल्यांना यायला जमत नाही. म्हणून शर्यत अलीकडच्या रविवारी घेतोय."

ह्यांचा चेहरा उतरला. "रविवार कशाला? शनिवारी घ्या."

"शनिवारी शाळा असतात."

"मग सोमवारी."

"अण्णा, सोमवारी कोण येणार?" सुदर्शन हसला. "घाबरलात काय?"

"घाबरतोय कशाला? रविवार हा वार शर्यतीचा नव्हे, एवढंच."

सुदर्शन गेल्यावर मी ह्यांच्यापुढे पाणी ठेवलं. "नाव मागं घ्यायचं असलं तर घ्या," मी म्हटलं. "अभिनंदनला मी समजावते."

"तू काय समजावणार?"

"पुण्यातही देऊळ आहे म्हणून सांगते."

हे माझ्याकडं बघत राहिले. "पुण्यात डोंगर आहे?"

"असेल एखादा."

हे उठून बाहेर गेले. मला वाटलं, भीतीच वाटली असावी. जिना चढून दम लागणारा माणूस, त्यानं किती आव आणायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी अभिनंदन आणि वृषाली आले. रविवारी सूर्य उगवल्यावर आम्ही पायथ्याला गेलो. चैत्रातलं ऊन, उगवल्या उगवल्याच चटका द्यायला लागलं. वृषाली ह्यांचा पट्टा तपासायला लागली तर ह्यांनी बाटल्यांवर हात ठेवले. "माझ्या मी भरल्यात."

"गोळ्या घेतल्यात ना अण्णा?"

"घेतल्यात की." ह्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. आत नळी वाजली.

पायथ्याला डोलीवाले बसले होते. अभिनंदन त्यांच्यातल्या दोघांशी काहीतरी बोलला. शिट्टी वाजली आणि ज्येष्ठ निघाले, तेव्हा ते दोघे रिकामी डोली खांद्यावर घेऊन वीसएक पायऱ्यांचं अंतर ठेवून मागं चालायला लागले.

ह्यांनी वळून बघितलं. "ते कुणासाठी?"

"असू द्या अण्णा. कुणालाही लागेल."

"भूपालला लागेल," हे म्हणाले आणि झपाझप पायऱ्या चढायला लागले.

"अण्णा, हळू," वृषाली म्हणाली.

हे हळू झाले नाहीत. पहिल्या दोन वळणांपर्यंत भूपालभाऊजींच्याही पुढं होते. तिसऱ्या वळणावर भाऊजी ह्यांच्या शेजारून गेले, "पाणी पी, पाणी पी," म्हणत. हे प्यायचेच. एक बाटली संपली, दुसरी काढली. शर्ट पाठीला चिकटला होता. मी माझ्या चालीनं मागून येत होते, हातात पूजेची परडी, त्यात तांदूळ आणि एक श्रीफळ.

मधल्या छत्रीच्या चारपाच पायऱ्या अलीकडं हे एकदम थांबले. उजवा पाय उचलेना. मग खाली बसले आणि पोटरी दोन्ही हातांनी धरली. पोटरीत गोळा आला होता. बुटाच्या वर मांस दगडासारखं घट्ट झालेलं मला लांबून दिसलं.

वृषालीनं बूट काढला, पाऊल धरून हळूहळू वर ताणलं. चक्कर येतेय का, छातीत काही होतंय का, सगळं विचारलं. हे नाही नाही म्हणत होते. तिनं बाटली घेतली, एक घोट चाखला आणि ह्यांच्याकडं बघितलं.

"हे साधं पाणी आहे."

"विसरलो."

"नळी तर खिशात आहे." तिनं ती खिशातून काढली, झाकण उघडलं, एक गोळी बोटांत धरली. ह्यांनी बाटलीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"नको."

"अण्णा, दीड महिना हीच घेतलीत ना?"

"आज नको."

"का पण?"

मागचे डोलीवाले जवळ येऊन उभे राहिले होते. अभिनंदन खाली वाकला. "अण्णा, हट्ट पुरे झाला. डोलीत बसा. त्यात कमीपणा काही नाही."

ह्यांनी डोलीकडं बघितलं. मग अभिनंदनकडं नाही, माझ्याकडं बघितलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसं.

आणि मला ताट दिसलं. ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर मीठ, तसंच्या तसं. एका रविवारचं नाही, संक्रांतीपासूनच्या सगळ्या रविवारांचं.

"तुम्ही दोघं जरा छत्रीत बसा," मी मुलांना म्हटलं. "मला ह्यांच्याशी बोलायचंय."

अभिनंदन चकित झाला. मी कुणाला बाजूला व्हायला सांगितल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दोघं वर गेले. मी ह्यांच्या खालच्या पायरीवर बसले आणि पोटरी चोळायला घेतली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"रविवार."

ह्यांनी नाकातून श्वास सोडला. "संक्रांतीनंतरचा पहिला."

"कुणापुढं घेतलात नियम?"

"देवापुढं. गावातल्या देवळात, खालच्या बस्तीत. तू पुढं जाप करत बसली होतीस. मी मागं खांबाशी उभा होतो."

"घर राहू दे म्हणून मागितलंत?"

"आपल्यात देवाकडं काही मागत नाहीत हे मला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून ऐकतोय." ह्यांनी पाय थोडा हलवून बघितला. "अभिनंदन घर विकायचं बोलला तेव्हा तू कप गोळा केलेस. एक शब्द नाही. रोज पहाटे उठून तू कुठं जातेस, तिथं काय आहे, मला काही माहीत नव्हतं. विचारलं तर तू म्हणणार, काही नाही, नुसतं दर्शन. म्हटलं, हिच्यातलं एक काहीतरी आपण धरून बघावं. मग तरी कळेल."

"कळलं?"

"कळलं. आमटी बेचव लागते."

मी पोटरी चोळत राहिले. डोळ्यांत आलेलं ह्यांना दिसू नये म्हणून मान खालीच ठेवली.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"इतकी वर्षं चेष्टा केल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? आणि शर्यत रविवारी येईल हे काय ठाऊक."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. "नियम घेताना औषधाची सूट ठेवलीत ना?"

"कसली सूट?"

"अहो, नियम घेताना म्हणायचं असतं, आजारपण आणि औषध सोडून. महाराज सगळ्यांना सांगतात. माझ्या सगळ्या वारांना आहे."

"म्हणजे तू ही गोळी रविवारी घेऊ शकतेस?"

"डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितली तर घेऊ शकते."

"आणि मी?"

"तुम्ही नाही. तुम्ही बिनसुटीचा घेतलाय."

"आता ठेवता येईल की सूट. पायरीवर बसून."

"पोटरीत गोळा आल्यावर? मग त्याला नियम कोण म्हणेल?"

"अगं, मुनींचा नियम झाला हा."

"तुम्ही थेट तिथनंच सुरुवात केलीत," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलत होते. छत्रीतून अभिनंदन घाबरून ओरडला, "आई, रडतेस काय?" त्यामुळं ह्यांनाही हसू आलं आणि हसता हसता पोटरी पुन्हा दुखली.

मग मी परडीतलं श्रीफळ काढलं. पायरीच्या कडेवर दोनदा आपटलं, चीर पडली. पाणी गाळायचं फडकं माझ्या कमरेला असतंच. ह्यांच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर ते धरलं आणि नारळाचं पाणी गाळून भरलं.

"हे देवाचं आहे ना?" हे म्हणाले.

"अजून वाहिलेलं नाही. देवाला तांदूळ आहेत."

वृषाली खाली आली होती. तिनं बाटलीकडं बघितलं. "गोळीइतकं मीठ नसतं यात, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. सावलीत बसा, हळूहळू प्या. पाय सुटला तरच उठायचं. आणि अण्णा, यात साखर असते, एवढ्यावरच थांबायचं."

ह्यांनी बाटली तोंडापासून दूर धरली. "ऐकलंस? साखर आहे यात."

"प्या," मी म्हटलं. "आज मंगळवार नाही."

वृषालीला काही कळलं नाही. ह्यांना कळलं. हे प्याले.

हे बसल्या बसल्या सरकत त्या चारपाच पायऱ्या चढले आणि आम्ही छत्रीच्या सावलीत बराच वेळ बसलो. बाकीचे ज्येष्ठ वर जाऊन देवळाची घंटा वाजवत होते, ती ऐकू येत होती. अभिनंदन डोलीच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. त्याचा जीव वडिलांच्या पायात अडकला होता, दुसरं काही नाही, हे मलाही दिसत होतं.

"आई," तो म्हणाला, "हे सगळं घरासाठी चाललंय ना? तू तरी सांग. तुला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत मला तसं कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी बाटलीचं झाकण लावायचं थांबवलं.

"मला उद्याही इथं यायचंय," मी म्हटलं. "परवाही. मला दुसरीकडं जायचं नाही."

एवढंच. फार हळू बोलले असेन, कारण अभिनंदन जवळ आला, नीट ऐकायला. मग ह्यांच्या काखेत हात घालायला वाकला. ह्यांनी त्याचा हात बाजूला केला. बूट घातला, नाडी बांधली, खांबाला धरून उठले. पाय टेकवून बघितला.

"सुटलाय," हे म्हणाले.

अभिनंदननं डोलीवाल्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही जा खाली."

वरची अर्धी वाट आम्ही चौघं चढलो. दहा पायऱ्या, मग बसणं. पुन्हा दहा पायऱ्या. ह्यांच्या एका बाजूला वृषाली, दुसऱ्या बाजूला मी, पण हात कुणाचा धरला नाही. शेवटच्या वळणावर कळस दिसला तेव्हा हे थांबले. मला वाटलं परत गोळा आला.

"काय झालं?"

"काही नाही. नुसतं दर्शन," हे म्हणाले.

वर पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. भूपालभाऊजी गळ्यात पदक घालून झाडाखाली बसले होते.

"आलास का? दारूगोळा ओला झाला वाटतं."

"रविवार होता," हे म्हणाले.

"मग? माझाही रविवारच होता की."

हे नुसते हसले आणि बूट काढून आत दर्शनाला गेले. मागून पाहिलं तर जरा लंगडत होते.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. अभिनंदननं गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन करून नाही म्हणून कळवलं. तो आता दर संक्रांतीला येतो आणि घराबद्दल एकच विचारतो, माडीच्या पत्र्यातून गळतं का.

पण मला आठवतं ते त्या दुपारचं जेवण. घरी येऊन मी नेहमीसारखा अळणी स्वयंपाक केला. मुलांच्या ताटात मीठ वाढलं. ह्यांच्या ताटात डावीकडं, मिठाच्या जागी, नळीतली एक गोळी ठेवली.

ह्यांनी ताटाकडं बघितलं. अभिनंदन आणि वृषाली एकमेकांकडं बघायला लागले. मी मान खाली घालून आमटी वाढत होते.

ह्यांनी गोळी उचलली, पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"उद्या," हे म्हणाले. "सूर्य उगवल्यावर. वर जाऊ तेव्हा."